टॉप ऑफ द मॉर्निंग! सिनेमातला आयर्लंड आणि खरा आयर्लंड

आजचा एपिसोड एका फजितीपासून सुरू होतो, आणि फजिती माझीच आहे.

आमच्या प्रोजेक्टला डब्लिनची एक टीम जोडली गेली होती. पहिला व्हिडिओ कॉल नेमका सेंट पॅट्रिक्स डेच्या आदल्या दिवशी. मी जरा तयारी करून बसलो होतो. कॅमेरा ऑन झाल्या झाल्या मोठ्या उत्साहात म्हणालो, 'टॉप ऑफ द मॉर्निंग!' समोर शांतता. मग त्यांच्यातला एक सीनियर हसत म्हणाला, 'अरे, हे आमच्याकडे कुणी म्हणत नाही. सिनेमात म्हणतात.' कॉल संपल्यावर त्याने चॅटवर विचारलं, 'आयर्लंडवरचे कुठले सिनेमे बघितलेस तू?' मी दोन नावं सांगितली, 'पी. एस. आय लव्ह यू' आणि 'लीप इयर'. त्यावर त्याने फक्त डोक्याला हात लावलेला इमोजी पाठवला.

त्या इमोजीमागे केवढा इतिहास आहे, हे मला नंतर वाचायला लागल्यावर कळलं. तोच आज सांगतो.

कॅमेऱ्याच्या आधीचा आयरिश

हा साचा सिनेमाने बनवलेला नाही, तो रंगभूमीवरून आला. आयर्लंडवर शतकानुशतकं इंग्रजांची सत्ता होती, आणि लंडनच्या नाटकांत आयरिश माणूस म्हणजे हमखास हशा. शेक्सपिअरच्या 'हेन्री द फिफ्थ'मध्ये, म्हणजे १५९९ च्या सुमारास, कॅप्टन मॅकमॉरिस नावाचं पात्र आहे. विचित्र उच्चार आणि चटकन तापणारं डोकं. पुढच्या दोन-तीनशे वर्षांत हे पात्र पक्कं होत गेलं. बडबड्या, दारुडा, भांडकुदळ, पण मनाने भोळा. इंग्रजीत याला 'स्टेज आयरिशमन' असं नावच पडलं.

मग १८४५ ते १८५२ चा महादुष्काळ आला. बटाट्याच्या पिकावर रोग पडला. सुमारे १० लाख माणसं मेली आणि १० लाखांहून जास्त देश सोडून गेली. अशी माणसं उपाशीपोटी लिव्हरपूलला, न्यूयॉर्कला उतरत होती आणि तिथली व्यंगचित्रं त्यांना माकडाच्या तोंडाची दाखवत होती. लंडनच्या 'पंच' साप्ताहिकात अशी चित्रं काढणारा जॉन टेनिएल म्हणजे 'अ‍ॅलिस इन वंडरलँड'ची चित्रं काढणाराच. अमेरिकेत थॉमस नास्ट होता, ज्याने आजचा गुबगुबीत सांताक्लॉज घडवला. त्याच्या १८७१ च्या एका चित्रात आयरिश माणूस बाटली घेऊन दारूगोळ्याच्या पिंपावर बसलाय. लहान मुलांना आवडणारी चित्रं काढणारे हेच हात हेही काढत होते, बरं का.

आयरिश लोक गप्प बसले नाहीत. १८९७ मध्ये कवी येट्स, लेडी ग्रेगरी आणि एडवर्ड मार्टिन यांनी ठरवलं की विदूषकी नसलेला आयर्लंड रंगमंचावर आणायचा. त्यातून १९०४ मध्ये डब्लिनचं अ‍ॅबी थिएटर उभं राहिलं. याच थिएटरमध्ये १९१३ मध्ये रवींद्रनाथांच्या 'डाकघर'चा इंग्रजी प्रयोग झाला.

पण तोवर सिनेमा आला होता, आणि त्याचा पैसा डब्लिनमध्ये नव्हता.

तिकीट कोण काढतंय?

१९१० मध्ये कॅलेम नावाच्या अमेरिकन कंपनीने 'द लॅड फ्रॉम ओल्ड आयर्लंड' या छोट्या चित्रपटाचं शूटिंग थेट आयर्लंडमध्ये केलं. अमेरिकन कंपनी समुद्र ओलांडून शूटिंगला गेली ती तेव्हा पहिल्यांदा. गोष्ट साधी: गरीब आयरिश मुलगा अमेरिकेत जातो, पैसा कमावतो, आणि प्रेयसीसाठी गावी परत येतो.

ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण ती पुढची शंभर वर्षं पुन्हा पुन्हा येणार आहे. हे सिनेमे बघणारे बॉस्टन-न्यूयॉर्कमधले आयरिश स्थलांतरित आणि त्यांची मुलं. त्यांना गाव हवं होतं, पण आठवणीतलं.

या प्रेक्षकाची ताकद १९२७ मध्ये दिसली. एमजीएमच्या 'द कॅलाहान्स अँड द मर्फीज' या विनोदी चित्रपटात आयरिश कुटुंबं सहलीला जाऊन दारू पिऊन मारामारी करतात. अमेरिकेतल्या आयरिश संघटना इतक्या भडकल्या, थिएटरांत इतका गोंधळ झाला, की कंपनीने चित्रपट मागे घेतला.

त्यानंतर हॉलिवूडचा आयरिश माणूस गोड होत गेला. प्रेमळ पाद्री, रुबाबदार पोलीस, सोशिक आई. १९४४ चा 'गोइंग माय वे' घ्या. गाणारा पाद्री बिंग क्रॉस्बी, म्हातारा पाद्री बॅरी फिट्झजेराल्ड, दोघांनाही ऑस्कर. शिवी नाही, पण साचा तर साचाच.

शार्क शिकायला लागले

आता एक डॉक्युमेंटरी. १९३४ चा 'मॅन ऑफ अ‍ॅरन', दिग्दर्शक रॉबर्ट फ्लॅहर्टी. आयर्लंडच्या पश्चिमेला अटलांटिकमधली अ‍ॅरन बेटं. खडकावर माती गोळा करून शेत बनवणारं कुटुंब, आणि छोट्या होडीतून भाल्याने महाकाय शार्कची शिकार. दृश्यं आजही थक्क करतात. व्हेनिसच्या महोत्सवात त्याला मोठं बक्षीसही मिळालं.

गंमत अशी की ते कुटुंब कुटुंबच नव्हतं. चेहरे बघून बेटावरून वेगवेगळी माणसं निवडली होती. आणि शार्कची ती शिकार तिथे कित्येक दशकांपूर्वी बंद झाली होती. शूटिंगसाठी बेटावरच्या लोकांना ती नव्याने शिकवावी लागली! जमीन कुणाची, भाडं कुणाला, तरुण पोरं बेट सोडून का जातात, यातलं चित्रपटात काही नाही. फक्त माणूस आणि समुद्र. बघणाऱ्याला वाटतं, ही माणसं अशीच, काळाच्या बाहेर राहणारी.

क्वाएट मॅन आणि रिकामी होणारी गावं

सगळ्यात मोठा साचा मात्र १९५२ चा, जॉन फोर्डचा 'द क्वाएट मॅन'. फोर्डचं खरं आडनाव फीनी. जन्म अमेरिकेतल्या मेन राज्यात, आई-वडील मूळचे गॉलवेकडचे. म्हणजे तोही त्या आठवणीतल्या गावाचाच पोरगा. १९५१ च्या उन्हाळ्यात मेयो परगण्यातल्या काँग गावाजवळ शूटिंग झालं. जॉन वेन अमेरिकेतून आईबापाच्या गावी परत येतो, लालकेसाळ, तापट मॉरीन ओहाराच्या प्रेमात पडतो. हिरवीगार कुरणं, पब, लग्न जुळवणारा म्हातारा, शेवटी गावभर चाललेली मारामारी. फोर्डला दिग्दर्शनाचं ऑस्कर मिळालं.

मी हा चित्रपट दोनदा बघितला. खोटं कशाला बोलू, मजा येते. रंग अप्रतिम आहेत, ओहारा तर भन्नाट. पण एका प्रसंगात नायक बायकोला मैलोन्मैल शेतातून फरफटत नेतो, गाव जत्रेसारखं मागे चालतं, आणि एक बाई त्याला बायकोला मारायला काठी देऊ करते. हे विनोद म्हणून आहे.

आता त्याच दशकातला खरा आयर्लंड बघा. पडद्यावर एक माणूस परत येत होता, आणि प्रत्यक्षात १९५० च्या दशकात सुमारे ४ लाख माणसं देश सोडून गेली. काम नव्हतं. १९६१ च्या जनगणनेत आयर्लंड प्रजासत्ताकाची लोकसंख्या २८ लाखांवर आली, आजवरची सगळ्यात कमी. मेयो हा तर सर्वाधिक रिकामा होणाऱ्या भागांपैकी एक. पडद्यावरची ती सुंदर, शांत गावं इतकी शांत का होती, हे प्रेक्षकाला कुणी सांगितलं नाही.

काँगमध्ये आज वेन आणि ओहाराचा पुतळा आहे. पर्यटक येतात, फोटो काढतात, गावाला पैसा मिळतो. म्हणजे साच्यावर रागवायचं, आणि त्याच्यावरच पोटही चालवायचं. माझ्या डब्लिनच्या सहकाऱ्याने हे सांगितलं तेव्हा तो हसत नव्हता.

लेप्रेकॉन ते लीप इयर

१९५९ मध्ये डिस्नेने 'डार्बी ओगिल अँड द लिटल पीपल' काढला. हिरव्या टोपीचे बुटके लेप्रेकॉन, सोन्याचा हंडा, आणि बाँड व्हायच्या आधीचा शॉन कॉनरी. शूटिंग कुठे? कॅलिफोर्नियात. त्याच सुमारास, १९५८ मध्ये, टी. के. व्हिटेकर या डब्लिनमधल्या सरकारी अधिकाऱ्याचा अहवाल आला होता. देशाची अर्थव्यवस्था बाहेरच्या भांडवलाला खुली करायची दिशा त्यात होती. आज आपल्यातले कितीतरी जण डब्लिनच्या कंपन्यांत काम करतात, त्याचं एक मूळ तिथे आहे.

आता माझा 'लीप इयर', २०१०. अमेरिकन नायिकेला डब्लिनला पोचायचं असतं, वादळाने ती डिंगल या गावी येऊन पडते. मोबाईल चार्जिंगला लावते तर गावाची वीज जाते! म्हातारे दिवसभर पबमध्ये, रस्त्यात गाई. तेव्हा गुगलचं युरोपातलं मुख्यालय डब्लिनमध्ये होतं. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, बँका कोसळल्यामुळे, आयर्लंडला ८५ अब्ज युरोंचं बेलआउट घ्यावं लागलं. पुन्हा तरुण मुलं बॅगा भरून ऑस्ट्रेलिया-कॅनडाला निघाली होती. सिनेमात गाई.

दारूचंही बघा. १८३८ मध्ये कॉर्कच्या फादर थिओबाल्ड मॅथ्यू यांनी दारू सोडण्याच्या शपथेची चळवळ सुरू केली, आणि लाखो लोकांनी शपथ घेतली. गुड फ्रायडेला पब बंद ठेवण्याचा कायदा २०१८ पर्यंत चालू होता. हे कुठल्या रोमँटिक कॉमेडीत दिसलंय?

गोड चित्र काय झाकतं?

तुम्ही म्हणाल, एवढं काय? गोड दाखवलं तर बिघडलं कुठे?

बिघडतं ते असं. प्रेमळ पाद्री आणि सोज्वळ गाव दाखवणारे चित्रपट चालत होते, तेव्हा त्याच देशात मॅग्डलीन लाँड्री होत्या. ननांनी चालवलेली धुलाई केंद्रं. लग्नाआधी गरोदर राहिलेल्या, अनाथ किंवा घरच्यांना नकोशा झालेल्या मुलींना तिथे ठेवून बिनपगारी राबवायचे. शेवटची लाँड्री १९९६ मध्ये बंद झाली. सरकारने माफी मागितली २०१३ मध्ये. २००२ चा 'द मॅग्डलीन सिस्टर्स' आणि किलियन मर्फीचा २०२४ चा 'स्मॉल थिंग्ज लाइक दीज' यावरच आहेत. दुसरा तर जरूर बघा. कोळसेवाला एक साधा माणूस, १९८५ चा ख्रिसमस, आणि सगळ्या गावाला माहीत असलेली पण कुणी न बोलणारी गोष्ट.

बदल झाला तो कॅमेरा स्वतःच्या हातात आल्यावर. १९७८ मध्ये बॉब क्विनने आयरिश भाषेत 'पोचीन' काढला, 'क्वाएट मॅन'च्या अगदी उलट, चिखल आणि क्रूरपणा दाखवणारा. १९८९ चा 'माय लेफ्ट फूट' दोन ऑस्कर घेऊन गेला. १९९३ मध्ये बंद पडलेलं फिल्म बोर्ड पुन्हा सुरू झालं, तेव्हा संस्कृतिमंत्री होते मायकल डी. हिगिन्स. २००७ च्या 'वन्स'मध्ये डब्लिनच्या रस्त्यावर गाणारा मुलगा आणि चेक स्थलांतरित मुलगी आहे. २०२२ चा 'अन काइलीन क्यून' ऑस्करच्या आंतरराष्ट्रीय विभागात नामांकन मिळालेला पहिला आयरिश भाषेतला चित्रपट.

साचा मेला मात्र नाही. २०२० च्या 'वाइल्ड माउंटन थाइम'चा ट्रेलर आला आणि उच्चारांवरून आयर्लंडभर हसं झालं. 'द बॅनशीज ऑफ इनिशेरिन'ला नऊ ऑस्कर नामांकनं मिळाली, तरी हा पुन्हा तोच 'स्टेज आयरिशमन' का, यावर तिकडे वाद झालाच.

आणि आपण?

आपला या देशाशी संबंध जुना आहे. टिळकांनी १९१६ मध्ये बेळगावात होमरूल लीग स्थापन केली, तो 'होमरूल' शब्द आयरिश चळवळीतून आलेला. एक शतक गेलं आणि २०१७ मध्ये लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान झाले. वडील मूळचे मालवण तालुक्यातल्या वराडचे. २०१२ मध्ये बेळगावची दंतवैद्य सविता हलप्पनवार गर्भपात नाकारला गेल्यावर गॉलवेत वारली. तिच्या मृत्यूने देश हलला, आणि २०१८ मध्ये, वराडकर पंतप्रधान असताना, सार्वमताने गर्भपातबंदी उठली. कुठल्याही जुन्या हॉलिवूड पटकथेत न बसणारा हा आयर्लंड.

आणि हेही सांगायलाच हवं. २०२५ च्या उन्हाळ्यात डब्लिनमध्ये भारतीयांवर हल्ले झाले, आपल्या दूतावासाला सावधगिरीची सूचना काढावी लागली. 'आयरिश म्हणजे जगातले सगळ्यात प्रेमळ लोक' हाही साचाच होता, आणि तो डोक्यात घेऊन गेलेल्या आपल्या पोरांना धक्का बसला. हल्ल्यांचा जाहीर निषेध करणाऱ्यांत राष्ट्राध्यक्ष होते. कोण? तेच मायकल डी. हिगिन्स, फिल्म बोर्ड पुन्हा सुरू करणारे.

त्या आठवड्यात मी डब्लिनच्या त्या सीनियरला विचारलं, तुमच्याकडे चाललंय काय? त्याने लिहिलं, 'माझे आजोबा पन्नासच्या दशकात लंडनला मजुरीला गेले होते. त्यांना भाड्याने खोली मिळत नव्हती, आयरिश म्हणून. मला लाज वाटते.' इमोजी नव्हता.

पुढच्या १७ मार्चला काय बघायचं असेल तर 'वन्स' बघा, 'अन काइलीन क्यून' बघा. 'क्वाएट मॅन'सुद्धा बघा, पण १९६१ चा तो २८ लाखांचा आकडा डोक्यात ठेवून. तुम्ही कुठला आयरिश सिनेमा बघितलाय ते कमेंटमध्ये सांगा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. आणि डब्लिनवाल्यांना सकाळी कॉल लागला तर नुसतं 'मॉर्निंग' म्हणा, पुरतं.