भोपाळच्या राजवाड्यातील पाळणा

घरात मूल जन्माला येते तेव्हा त्याच्याबरोबर अनेक नात्यांचाही जन्म होतो. कालपर्यंत जी केवळ सून होती ती आई होते, जी आई होती ती आजी होते, आणि पाळण्याच्या दोरीला एकाच वेळी चार हात लागतात. पाचवीची पूजा, सहाव्या रात्री विधिलिखित लिहावयास येणारी सटवाई, बाराव्या दिवशीचे बारसे हे आपल्याकडील संस्कार घ्या, किंवा कानात अजान देण्याचा आणि सातव्या दिवशी अकीका करण्याचा मुसलमान कुटुंबातील रिवाज घ्या; या साऱ्यांचा अर्थ एकच. हे मूल आता आमचे झाले, असे कुटुंब जगाला सांगत असते. मात्र या ‘आमचे’ शब्दात जितके प्रेम असते तितकाच कधी कधी हक्कही असतो. प्रेम कोठे संपते आणि हक्क कोठे सुरू होतो हे सामान्य घरात सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. राजघराण्यात मात्र ते लपून राहत नाही. या दृष्टीने भोपाळच्या बेगमांचा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

महाराष्ट्रास भोपाळचे नाव प्रथम परिचित झाले ते रणभूमी म्हणून. १७३७ च्या डिसेंबरात थोरल्या बाजीरावांनी निजामास भोपाळजवळ कोंडले आणि १७३८ च्या जानेवारीत त्याजकडून दुराहासराईचा तह करून घेतला. पुढे १८१२-१३ मध्ये शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजांनी या शहरास दीर्घकाळ वेढा घातला होता. वजीर मोहम्मद खानाने तो निकराने सोसला. त्याचाच पुत्र नजर मोहम्मद खान याने १८१८ साली इंग्रजांशी तह केला. पण दुसऱ्याच वर्षी पिस्तुलाची गोळी लागून तो अकस्मात मरण पावला. मागे राहिली ती अठरा-एकोणीस वर्षांची विधवा गोहर बेगम, जिला इतिहास कुदसिया बेगम म्हणून ओळखतो, आणि तिची चिमुकली कन्या सिकंदर.

अशा प्रसंगी त्या काळी काय घडावयाचे हे सांगावयास नको. दीर, पुतणे, भाऊबंद पुढे होत. विधवेस अंतःपुराचा एक कोपरा मिळे आणि मुलीस कोणाच्या तरी घरची वाट दाखविली जाई. कुदसिया बेगमेने मात्र दरबारातील प्रमुखांची संमती मिळवून राज्यकारभार स्वतःच्या हाती घेतला. फ्रेंच वंशाचा ख्रिस्ती दरबारी बाल्थझार बूर्बाँ, ज्यास भोपाळात शहजाद मसीह म्हणत, तो तिच्या विश्वासू सल्लागारांपैकी एक होता. ठरले ते असे की, सिकंदरचा विवाह घराण्यातील एका तरुणाशी व्हावा आणि त्या नात्याने तिच्या पतीस नवाबपद मिळावे. म्हणजे अधिकाराचे मूळ मुलीत, परंतु त्याचे फळ जावयास, अशी ही तडजोड होती. ही तडजोड टिकावयाची नव्हती. पहिल्या नियोजित वराने उतावीळपणे अधिकार गाजवू पाहिला, तेव्हा त्यास बाजूस सारून त्याचा भाऊ जहांगीर मोहम्मद खान याची निवड झाली. १८३५ साली विवाह झाला आणि १८३७ साली जहांगीर मोहम्मद नवाब झाला.

या विवाहात सौख्य नव्हते. आपली पत्नी आपल्याहून अधिक योग्यतेची आहे आणि गादीवरील आपला हक्कही तिच्यामुळेच आहे, ही जाणीव काही पुरुषांस सहन होत नाही. सिकंदर गर्भवती असताना नवाबाने तिच्यावर तलवारीचा वार केला, असे घराण्याच्या इतिहासात नमूद आहे. ती त्यातून वाचली आणि आईसह भोपाळपासून काही कोसांवर असलेल्या इस्लामनगरच्या गढीत जाऊन राहिली. हेच ठिकाण पूर्वी जगदीशपूर म्हणून ओळखले जाई, आणि २०२३ साली त्यास ते नाव पुन्हा देण्यात आले. तेथे १८३८ च्या जुलैत सिकंदरला मुलगी झाली. हीच शाहजहान बेगम. राजधानीत बाप नवाब होता, आणि त्याची मुलगी परागंदा झालेल्या आईच्या व आजीच्या मांडीवर वाढत होती. या बालिकेचे स्वागत दोन स्त्रियांनी केले. त्या दोघींच्या आशेचा तीच एक आधार होती.

१८४४ साली जहांगीर मोहम्मद वारला. दस्तगीर या आपल्या अनौरस पुत्राने गादीवर यावे अशी इच्छा त्याने मृत्युपत्रात लिहून ठेवली होती. इंग्रज सरकारने ती मान्य केली नाही आणि सहा वर्षांच्या शाहजहानचा हक्क कायम ठेवला. तिच्या वतीने प्रथम एका नातलगाच्या हाती कारभार होता. तो १८४७ मध्ये सिकंदर बेगमेकडे आला. तिने राज्याची मोजणी करविली, महसुलाची घडी बसविली, कर्ज फेडले आणि गावोगाव स्वतः हिंडून रयतेची स्थिती पाहिली.

याच सुमारास शेजारच्या मराठी राज्यांत काय चालले होते ते पाहिले म्हणजे या गोष्टीचे महत्त्व अधिक स्पष्ट होते. झाशीस १८५१ साली गंगाधरराव व राणी लक्ष्मीबाई यांस पुत्र झाला. साऱ्या शहराने आनंदोत्सव केला. पण तो बालक काही महिन्यांतच दगावला. १८५३ च्या नोव्हेंबरात गंगाधररावांनी मृत्युशय्येवर दत्तक घेतला आणि दुसऱ्याच दिवशी त्यांचे देहावसान झाले. तो दत्तक डलहौसीने नामंजूर केला आणि झाशी खालसा झाली. त्याच डिसेंबरात नागपूरचे तिसरे रघुजी भोसले निपुत्रिक वारले, आणि त्यांचेही राज्य गेले. सातारा तर १८४८ मध्येच गेला होता. त्या दिवसांत संस्थानी राजवाड्यातील पाळणा रिकामा असणे हे केवळ घरातील दुःख राहिले नव्हते. एका तान्ह्या जिवाच्या श्वासावर हजारो कुटुंबांची चाकरी, इनामे आणि मान अवलंबून असे. झाशीच्या राजवाड्यातील तो बालक जगता, तर त्या राज्याचा इतिहास कदाचित निराळा झाला असता.

भोपाळात मात्र मुलीचा हक्क मानला गेला होता. शाहजहानचा विवाह १८५५ साली बाकी मोहम्मद खान याच्याशी झाला. या वेळी सिकंदर बेगमेने आपल्या स्वतःच्या विवाहातील चूक पुन्हा होऊ दिली नाही. पती हा केवळ पती राहील, राज्य मुलीचेच राहील, ही गोष्ट तिने सरकारकडून मान्य करून घेतली. आणि ९ जुलै १८५८ रोजी शाहजहानला मुलगी झाली. ग्वाल्हेरजवळ राणी लक्ष्मीबाईंना वीरमरण आले त्यास तेव्हा महिनाही पुरता लोटला नव्हता. मध्य हिंदुस्थानात ठिकठिकाणी अद्याप धूर निघत होता. अशा काळात जन्मलेल्या या सुलतानजहानचे कोडकौतुक आजी सिकंदरने आपल्या हाती घेतले. तिचे बालपण आजीच्याच देखरेखीखाली गेले आणि शिक्षणाची सारी आखणी आजीनेच केली. शाहजहानला पुढे सुलेमानजहान नावाची दुसरी कन्या झाली, परंतु ती अल्पवयातच निवर्तली.

येथे या घराण्याची एक विलक्षण रीत दिसू लागते. नातीस आजीने वाढवावयाचे, अशी ती रीत. आपल्या घरांतूनही दुधापेक्षा साय प्यारी असे म्हणतात, आणि त्यात काही खोटे नाही. आजीपाशी सवड असते, अनुभव असतो, आणि आपल्या मुलांच्या बाबतीत जे साधले नाही ते नातवंडांच्या ठायी साधून घेण्याची हौसही असते. परंतु जेथे पाळण्यातील मूल हेच गादीचे वारस असते, तेथे या हौसेस निराळी धार येते.

१८६८ साली सिकंदर बेगम निवर्तली. शाहजहान बेगम गादीवर आली आणि दहा वर्षांची सुलतानजहान वारस म्हणून घोषित झाली. १८७१ मध्ये शाहजहान बेगमेने विद्वान मौलवी सिद्दीक हसन खान यांच्याशी पुनर्विवाह केला, आणि तेव्हापासून मायलेकींत हळूहळू अंतर पडत गेले. १८७५ साली सुलतानजहानचा विवाह झाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तिला बिल्किसजहान ही कन्या झाली. शाहजहान बेगमेस अपार हर्ष झाला, आणि रीतीप्रमाणे नात आजीकडे गेली. मग नसरुल्ला आणि उबेदुल्ला हे पुत्र झाले, आसिफजहान ही कन्या झाली. सुलतानजहानचे घर भरत गेले. परंतु थोरली लेक आजीच्या महालात आणि बाकीची भावंडे आईजवळ, अशी विभागणी झाली. माय आणि लेक यांच्यातील कलह जसा वाढला तशी बिल्किस ही त्या कलहाचा विषय होऊन बसली. बारा-तेरा वर्षांची होते न होते तोच ती आजारी पडून वारली. ज्या बालिकेने आई आणि आजी यांस जोडावयाचे, तिच्या मृत्यूने त्यांच्यातील उरलासुरला धागाही तुटला.

१८९४ साली आसिफजहानही गेली. त्याच वर्षी ९ सप्टेंबर रोजी सुलतानजहानला धाकटा पुत्र झाला, तो हमीदुल्ला. एकाच वर्षात एकाच घरातून एक मूल गेले आणि एक आले. सुखदुःखाचा असा हिशेब मांडता येत नाही हे प्रत्येक आईस ठाऊक असते. नवे मूल हे गेलेल्या मुलाची जागा घेत नाही, ते स्वतःची नवी जागा करते. हमीदुल्लावर आईचा जीव विशेष जडला आणि तो अखेरपर्यंत तसाच राहिला. इकडे शाहजहान बेगम १६ जून १९०१ रोजी निवर्तली. तिच्या अखेरच्या आजारातही मायलेकींचे मनोमीलन होऊ शकले नाही.

सुलतानजहान बेगमेने १९०१ पासून १९२६ पर्यंत राज्य केले. मुलींसाठी शाळा, स्त्रियांच्या रुग्णालयाची वाढ, सुइणींस पद्धतशीर शिक्षण, बालसंगोपन व आरोग्य यांवर उर्दूत लिहिलेली पुस्तके, ही तिची कामे पाहिली म्हणजे असे वाटते की, आपल्या दोन लेकींच्या अकाली जाण्याने जे दुःख भोगले त्याचा तिने रयतेच्या लेकरांसाठी उपयोग केला. बाळंतिणीच्या खोलीत हवा आणि उजेड असावा, सुइणीचे हात स्वच्छ असावेत, या आज साध्या वाटणाऱ्या गोष्टी तेव्हा राज्यकर्त्यांनी सांगणे आवश्यक होते. अलीगढच्या मुस्लिम विद्यापीठाचे पहिले कुलपतिपद १९२० साली तिच्याकडे आले.

२८ ऑगस्ट १९१३ रोजी हमीदुल्लास पहिली कन्या झाली, ती आबिदा सुलतान. आजीने या नातीस आपल्याजवळ घेतले. पहाटेची प्रार्थना, कुराणाचे पठण, घोडेस्वारी, नेमबाजी, असा तिचा दिनक्रम कडक होता. आबिदेच्या पाठीवर साजिदा आणि राबिया या बहिणी झाल्या. हमीदुल्लास पुत्र नव्हता, आणि भोपाळात त्याची उणीव मानण्याचे कारणही नव्हते. १९२४ साली सुलतानजहानचे दोन्ही वडील पुत्र वारले. तेव्हा वृद्ध बेगमेने विलायतेस जाऊन हमीदुल्लाच्या वारसाहक्काचा प्रश्न लढविला, तो जिंकला, आणि १९२६ मध्ये त्याच्यासाठी गादी सोडली. १९२८ साली आबिदा वारस म्हणून जाहीर झाली. १९३० साली आजीने डोळे मिटले.

आबिदेचा विवाह कुरवाईच्या नवाबाशी झाला होता. १९३४ साली तिला शहरयार हा पुत्र झाला, परंतु संसार जुळला नाही आणि मुलाच्या ताब्याचा प्रश्न उभा राहिला. १९३५ साली एका रात्री आबिदा स्वतः मोटार हाकीत कुरवाईस गेली. आपले पिस्तूल तिने पतीसमोर टाकले. एक तर त्याने आपणास मारावे, नाही तर आपण त्यास मारू, असे तिने बजावले. नवाबाने मुलाचा हट्ट सोडला. जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी तिची खापरपणजी पोटातील मुलासह इस्लामनगरला गेली होती, तीच कथा या रात्री निराळ्या रूपाने घडली. मात्र या वेळी गादीचा प्रश्न नव्हता. एका आईला तिचे मूल हवे होते.

१९४९ साली भोपाळ संस्थानाचा कारभार भारत सरकारकडे आला. १९५० साली आबिदा पाकिस्तानात गेली. तिचा पुत्र पुढे त्या देशाचा परराष्ट्र सचिव झाला आणि त्याने भोपाळच्या बेगमांचा इतिहास लिहिला. साजिदा भारतात राहिली. १९४१ साली भोपाळात जन्मलेला तिचा पुत्र मन्सूर अली खान पतौडी अवघ्या एकविसाव्या वर्षी भारताच्या क्रिकेट संघाचा कर्णधार झाला. या पिढीतील मुले पाळण्यातील हक्कावर मोठी झाली नाहीत. ती आपापल्या कर्तबगारीने मोठी झाली.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी भोपाळ मध्य प्रदेशाची राजधानी झाले आणि नागपूरच्या कचेऱ्यांतून कित्येक मराठी कुटुंबे तेथे आली. तलावाकाठच्या या शहरात तेव्हापासून बारशाचे पाळणेही गाइले जाऊ लागले. त्या घरांत गादी नव्हती, वारसाचे खलिते नव्हते. तरीही मूल आईचे की आजीचे, आपल्या वळणाचे की त्यांच्या, हा गोड वाद तेथेही असणारच. बेगमांच्या इतिहासाने या वादापुरता एक इशारा देऊन ठेवला आहे. मुलीच्या जन्माचे स्वागत कसे करावे हे त्या घराण्याकडून खुशाल शिकावे. पण आलेले मूल घराचे असले तरी घराच्या मालकीचे नसते, हे त्या घराण्यास फार मोठी किंमत देऊन उमगले. ते आपण पाळणा बांधतानाच ध्यानात ठेवलेले बरे.