डॉर्सीच्या बँडमधला सिनात्रा

७. टॉमी डॉर्सी (१९०५–१९५६) हा अमेरिकन ट्रॉम्बोनवादक. सॅक्सोफोनवादक भाऊ जिमी याच्याशी १९३५मध्ये बिनसल्यावर त्याने स्वतःचा बँड काढला. फ्रँक सिनात्रा (१९१५–१९९८) जानेवारी १९४०मध्ये हॅरी जेम्सचा बँड सोडून त्याच्याकडे आला. त्या काळी बँडच्या गायकाला दुय्यम स्थान असे. नाचासाठी वाजणाऱ्या गतीत मध्येच एखादे कडवे त्याच्या वाट्याला येई. परिच्छेदातील ‘दमसास’चा उल्लेख डॉर्सीच्या वादनाला धरून आहे. तोंडाच्या कोपऱ्यातून कुणाच्या लक्षात येणार नाही असा श्वास घेत तो लांबलचक सुरावट अखंड वाजवी. सिनात्राने मंचावर त्याच्या मागे बसून ही हातोटी हेरली आणि दम वाढवण्यासाठी पाण्याखाली पोहण्याचा सराव केला. ओळ मध्ये न तोडणारी त्याची गायकी इथेच घडली. दुसऱ्या कोणत्याही शिक्षणापेक्षा हे मोलाचे ठरले. सप्टेंबर १९४२मध्ये त्याने बँड सोडला. त्याआधीच, १ ऑगस्टपासून, अमेरिकन वादक संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार घातला होता. गायकांना तो लागू नसल्याने सिनात्राने १९४३मध्ये नुसत्या समूहस्वरांच्या साथीने गाणी ध्वनिमुद्रित केली. बहिष्कार नोव्हेंबर १९४४मध्ये पूर्णपणे संपला, तोवर रेकॉर्डवर बँडआधी गायकाचे नाव येऊ लागले होते.