बॉनेटखाली डोकावताना

मोटारीच्या दुकानात शिरलेला मराठी गृहस्थ तीन प्रश्न हमखास विचारतो : लिटरला किती देते, सगळे मिळून कितीला पडते आणि डिकी केवढी आहे. बिघडली तर उघडायची कुठून, हा चौथा प्रश्न त्याला सुचतो तो गाडीचे हप्ते सुरू झाल्यानंतर. माझ्या भाच्याने मात्र यंदा हा चौथा प्रश्न सर्वांत आधी विचारला आणि तोही मला, कारण मोटारींविषयीची कात्रणे जमविण्याचा नाद मला पन्नास वर्षे आहे. भाचा राजापूरला शिक्षक आहे. त्याच्या आईला, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीला, डोळ्यांतील इंजेक्शनासाठी दर महिन्याला कोल्हापूरला न्यावे लागते आणि ती तारीख चुकवून चालत नाही. वाट अणुस्कुऱ्याच्या घाटाची. आषाढातल्या पावसात त्या घाटात गाडी थांबली म्हणजे काय होते, हे त्याला कोणी सांगण्याची गरज नव्हती. तेव्हा पाडव्याला घ्यायची ती लहान गाडी कशी पारखावी, हे त्याला समजावून सांगताना मला बरेच मागे जावे लागले. कुठवर, तर थेट इटलीतील तुरीन शहरापर्यंत.

तेथील फियाट कंपनीत दान्ते जाकोसा नावाचा एक इंजिनिअर होता. त्याचा जन्म १९०५ चा. १९३६ साली त्याने ‘तोपोलिनो’ म्हणजे उंदीरमामा या लाडक्या नावाने ओळखली जाणारी चिमुकली गाडी तयार केली आणि पुढच्याच वर्षी ‘५०८ सी’ नावाची थोडी मोठी गाडी. या दुसऱ्या गाडीचे इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे, चार सिलिंडरांचे होते. पुढे याच वंशाचे इंजिन घालून १९५३ साली फियाट ११०० नव्या देहाने बाजारात आली आणि वर्षभरात मुंबईत कुर्ल्याला पोचली. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कारखान्यात ती बनू लागली. तिच्या गुबगुबीत पाठीमुळे आपल्या लोकांनी तिचे ‘डुक्कर फियाट’ असे बारसे केले. लोकांनी ठेवलेली नावे कारखान्याच्या नावांपेक्षा जास्त टिकतात. पुढे तिचा चेहरा बदलला, ती डिलाइट झाली, प्रेसिडेंट झाली आणि १९७४ च्या सुमारास ‘पद्मिनी’ झाली. इंजिनाचे कूळ मात्र तेच राहिले. मुंबईत टॅक्सी म्हणून नोंदली गेलेली शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ची. वीस वर्षांची मर्यादा संपताच, ३० ऑक्टोबर २०२३ रोजी काळ्यापिवळ्या पद्मिनीचे युग सरकारी दफ्तरात संपले. म्हणजे १९३७ साली तुरीनमध्ये कागदावर उतरलेल्या यंत्राचे वारस शहाऐंशी वर्षांनंतरही दादरहून भायखळ्याला उतारू नेत होते!

हे कशाच्या बळावर? वेग, आराम, काटकसर यांपैकी कशाच्याच नव्हे. ती दुरुस्तीला सोपी होती, एवढेच. बॉनेट उघडले की सारा संसार डोळ्यांसमोर मांडलेला असे : इकडे कार्बोरेटर, तिकडे डिस्ट्रिब्यूटर, समोर फॅनबेल्ट. मध्ये एवढी मोकळी जागा, की हातातला पान्हा निसटला तर तो सरळ रस्त्यावर पडे. आजच्यासारखा कुठल्या तरी आवरणात कायमचा गडप होत नसे. पॉइंट काळे पडले की पॉलिश पेपरने घासावेत. जेटमध्ये कचरा अडकला तर तोंडाने फुंकावे. वैशाखातल्या उन्हात पेट्रोल नळीतच वाफाळून गाडी रुसली तर पेट्रोलपंपावर ओले फडके ठेवून, थर्मासमधला चहा पिऊन होईस्तो थांबावे. द्रुतगती मार्ग होण्यापूर्वी खंडाळ्याच्या घाटात उन्हाळी सुटीत रांगेने बॉनेट उघडून उभ्या असलेल्या आणि रेडिएटरमध्ये पाणी ओतून घेणाऱ्या गाड्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको. मद्रासला बनणारी स्टँडर्ड हेराल्ड तर याही पुढे गेलेली. तिचे बॉनेट चाकांवरच्या पाखांसकट अखंडच्या अखंड पुढे कलंडत असे आणि मिस्त्री पुढच्या चाकावर बूड टेकून आरामात काम करी.

आता याच चित्राची दुसरी बाजू. या गाड्या दुरुस्त करायला सोप्या होत्या, कारण त्या वारंवार दुरुस्त कराव्या लागत. पुढच्या चाकांच्या सांध्यांना ठरावीक अंतरानंतर ग्रीस, टॅपेटची फट, ब्रेकची ओढ, दर पावसाळ्यानंतर पत्र्याचा गंज. निगा हा गाडी बाळगण्याचा अपवाद नव्हता, नियमच होता. आणि मिस्त्रीला त्या इतक्या पाठ झाल्या याचे श्रेय यंत्राइतकेच दिल्लीतील धोरणालाही द्यावे लागेल. १९५३ साली टॅरिफ कमिशनने ठरविले, की परदेशातून भाग आणून नुसती जुळणी करणाऱ्यांना येथे थारा नाही, ज्यांना भाग येथेच बनवायचे आहेत त्यांनीच राहावे. १९२८ पासून मुंबईत शिवडीला गाड्या जुळविणाऱ्या जनरल मोटर्सने १९५४ साली आवराआवर केली. मैदानात उरल्या मुख्यतः तीन गाड्या : कुर्ल्याची फियाट, उत्तरपाड्याची अँबॅसडर आणि मद्रासची स्टँडर्ड. स्पर्धा नाही म्हणून नवे नमुने नाहीत, आणि नवे नमुने नाहीत म्हणून एकच वायसर तीस-तीस वर्षे चालतो! पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईच्या ऑपेरा हाऊसजवळच्या दुकानांत फियाटचा सुटा भाग मागितला, की दुकानदार गाडीचे साल विचारीत नसे. ग्राहकाने नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहायची, ही त्या सोयीची किंमत होती. वाट पाहून मिळालेल्या वस्तूची माणूस निगाही अधिक राखतो, हे जाताजाता सांगून टाकतो.

या कोंडीतून वाट काढण्याचा प्रयत्न झालाच नाही असे नाही. सामान्य माणसाला परवडेल अशी स्वस्त मोटार देशात व्हावी, असा विचार लक्ष्मीकांत झा यांच्या समितीने १९५९-६० च्या सुमारास मांडला होता. तो फायलींतच फिरत राहिला. आणि सरकारच्याही आधी, १९४९ साली, आमच्या इचलकरंजीत शंकरराव कुलकर्णी नावाच्या, शाळेत फार न शिकलेल्या गृहस्थांनी स्वतःच्या कल्पनेने लहान मोटार बनवून रस्त्यावर आणली होती. पुढे ‘मीरा’ या नावाने सुधारत सुधारत १९७५ पर्यंत त्यांनी तिचे नमुने केले. सुमारे बारा हजार रुपयांत ती देता येईल असा त्यांचा हिशेब होता. कारखाना काही उभा राहिला नाही. मोटारींच्या आपल्या इतिहासात या माणसाला दोन ओळींहून अधिक जागा मिळायला हवी होती, असे मला नेहमी वाटत आले आहे.

तिकडे युरोपात मात्र ‘निगा कमी कशी लागेल’ या प्रश्नावर शहाणी माणसे डोके खपवीत होती. फ्रान्समधील सित्रोएन कंपनीचे प्रमुख बूलांजे यांनी आपल्या माणसांना सांगितले होते, की नांगरलेल्या शेतातून अंड्यांची टोपली नेली तरी एक अंडे फुटता कामा नये अशी शेतकऱ्याची गाडी करा. ती १९४८ साली पॅरिसच्या प्रदर्शनात आली. दोन सिलिंडरांचे, वाऱ्यानेच थंड होणारे इंजिन. म्हणजे रेडिएटर नाही, पाण्याची नळी नाही, गळती नाही. डिस्ट्रिब्यूटरलाही त्यांनी फाटा दिला. जो भाग गाडीत नाहीच, तो बिघडणार कसा! १९६१ साली आलेल्या रेनो ४ ने याच विचाराचे पुढचे पाऊल टाकले. ग्रीस भरण्याच्या जागा तिने काढूनच टाकल्या, इंजिन थंड करणारे पाणी कायमचे बंदिस्त केले आणि पाठीमागे छपरापासून खालपर्यंत उघडणारा दरवाजा दिला. आज जिला आपण हॅचबॅक म्हणतो, तिची ही थोरली बहीण. ऐंशी लाखांहून अधिक रेनो ४ तयार झाल्या.

इंग्रजांची मिनी हिच्याही दोन वर्षे आधीची. इंजिन आडवे ठेवून तिने जागा वाचविली. पण गिअरबॉक्स इंजिनाच्या पोटात तेलाच्या टाकीतच बसविला, त्यामुळे दोघांना एकच तेल. शिवाय डिस्ट्रिब्यूटर पुढच्या जाळीपाठीमागे उघडाच असल्याने सुरुवातीच्या गाड्या मुसळधार पावसात बंद पडत. विलायतेच्या पावसात ही गत, तर अणुस्कुऱ्यात काय झाली असती! हा गुंता सोडविला पुन्हा आपल्या जाकोसाने. १९६४ च्या ‘आउतोबियांकी प्रिमुला’ या गाडीत त्याने इंजिन आडवेच ठेवले, पण गिअरबॉक्स त्याच्या पोटातून काढून शेजारी बसविला. दोघांचे तेल वेगळे, आणि पाठीमागे पाचवा दरवाजा. आज रस्त्यावरची जवळजवळ प्रत्येक पेट्रोल हॅचबॅक या आराखड्याची आहे. मुंबईच्या जुन्या टॅक्सीचा आणि भाच्याच्या नव्या गाडीचा आजोबा असा एकच निघतो.

तो आराखडा आपल्या दारी आणला मारुतीने. १९८३ साली दहा-दहा हजार रुपये अनामत भरून लाखाहून अधिक लोकांनी नावे नोंदविली आणि १४ डिसेंबरला इंदिरा गांधींच्या हस्ते पहिली किल्ली दिली गेली. ७९६ घनसेंटिमीटरचे तीन सिलिंडरांचे इंजिन पाहून जुने मिस्त्री हसले होते. सुरुवातीला बहुतेक भाग जपानहून येत, तेव्हा त्यांच्या किमतीही जपानी असत. पण कंपनीने भाग बनविणारे कारखाने येथेच उभे करविले, गावोगावच्या गॅरेजांतल्या पोरांनी ते इंजिन पाठ केले, आणि दहा वर्षांत ‘मारुतीचा भाग कुठेही मिळतो’ ही म्हण होऊन बसली. २०१४ च्या जानेवारीत ती गाडी बंद झाली तोवर पंचवीस लाखांहून अधिक बाहेर पडल्या होत्या.

यानंतरचा बदल लोकांच्या नजरेत फारसा भरला नाही, पण दुरुस्तीच्या दृष्टीने तोच सर्वांत मोठा. १९९५ पासून चार महानगरांत नव्या गाड्यांना धूर शुद्ध करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि शिशाविरहित पेट्रोल आले. २००० साली शिसे देशभरातून गेले. धुराचे नियम कडक होत गेले तसा कार्बोरेटर संपला, पेट्रोल मोजून फवारणारे इंजेक्टर आले आणि त्यांच्यावर हुकमत चालविणारा संगणक आला. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा. मिस्त्रीचा कान जाऊन त्याच्या हाती स्कॅनर आला.

“मामा, बॉनेट उघडून तुम्ही पाहता तरी काय? आत सगळं झाकलेलंच असतं,” असे भाचा दुकानात मला म्हणाला. बोलणे खरे होते. काळ्या प्लास्टिकच्या झाकणाखाली काहीच दिसत नव्हते. पण ते झाकण चार बोटांनी उचलून निघते की त्यासाठी पुढचा बंपर उतरवावा लागतो, यातच सारी परीक्षा आहे. विक्रेत्याला मी एवढेच म्हटले, “एअर फिल्टर काढून दाखवा, दिव्याचा बल्ब कसा बदलायचा तेही दाखवा.” पहिल्या दुकानातल्या मुलाने गाडीच्या पडद्यावर गाणे लावले. दुसऱ्या दुकानातल्याने वर्कशॉपमधून माणूस बोलावला, आणि त्या माणसाने दोन क्लिपा सोडवून फिल्टर हातात दिला. ही दुसरी गाडी मी भाच्याला वहीत लिहून ठेवायला सांगितली.

दुसरा हिशेब कंपनीच्या मुक्कामाचा. १९९८-९९ साली सँट्रो, इंडिका आणि मॅटिझ या तीन गाड्या एकापाठोपाठ आल्या. त्यांत मॅटिझ ही दिसायला गोड आणि चालवायला हलकी. पण कोरियातील देवू समूहच कोसळला आणि गाडीत काही खोट नसताना ती पोरकी झाली. शिवडीहून एकदा गेलेली जनरल मोटर्स पुन्हा आली, तळेगावला कारखाना थाटला आणि २०१७ अखेर येथली विक्री बंद करून दुसऱ्यांदा गेली. फोर्डने २०२१ साली येथले उत्पादन थांबविले. निगेची सोय ही नुसती यंत्राच्या ठायी नसते. तिच्यामागे गोदाम लागते, आणि ते गोदाम पंधरा वर्षे उघडे राहावे लागते. म्हणून भाच्याला मी सांगितले, की माहितीपत्रके बाजूला ठेव आणि राजापूर, लांजे, मलकापूर या वाटेवर कोणत्या गाडीचे काम करणारा माणूस भेटतो ते आधी विचारून ये.

तिसरे म्हणजे इंजिन. आपल्या लहान गाड्या चार मीटरच्या आत का, तर २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटर लांबी आणि पेट्रोलसाठी १२०० घनसेंटिमीटर या हद्दीत बसणाऱ्या गाडीवरची अबकारी २४ वरून १६ टक्क्यांवर आणली गेली. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी १८ टक्के झाला तोही याच हद्दीतल्या गाड्यांसाठी. त्या हद्दीत ताकद वाढवायची म्हणून काहींनी टर्बो बसविला. तो घाटात मजा आणतो खरा, पण तेलाच्या बाबतीत हयगय त्याला खपत नाही. २०१४ साली सेलेरिओबरोबर आलेली, स्वतःच क्लच दाबून गिअर टाकणारी एएमटी शहरात पायाला सुख देते. आत मात्र जुनीच क्लचप्लेट असते, आणि तिला दाबणारे यंत्र हा एक जादा भाग. माझ्या मते खेड्यातल्या माणसाने टर्बो नसलेले साधे पेट्रोल इंजिन आणि हाताचा गिअर घ्यावा. इंजिनात टायमिंगची साखळी आहे की ठरावीक मुदतीने बदलायचा पट्टा, हे विचारावे. पट्टा असला म्हणून गाडी वाईट ठरत नाही. मात्र त्याची तारीख दिनदर्शिकेवर लिहिली गेली पाहिजे, कारण तो तुटला तर अनेक इंजिनांत झडपा वाकतात आणि हेड उतरवावे लागते.

दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांतले जे आधी येईल तेव्हा तेल बदलायचे, एवढ्यावर हल्लीची लहान गाडी निभावते. पद्मिनीच्या मालकाला हे सांगितले असते तर त्याने थट्टा समजून चहा मागविला असता. तेव्हा झाकलेल्या इंजिनाला मी नावे ठेवीत नाही. माझी तक्रार आहे ती जादा चाकाबद्दल. काही गाड्यांत हल्ली त्याऐवजी हवा भरायचा छोटा पंप आणि चिकट द्रवाची बाटली देतात. खिळ्याचे भोक त्याने बुजते. घाटातल्या दगडाने टायरची बाजू फाटली तर नाही. भाच्याने पसंत केलेल्या गाडीत जमिनीखाली पाचवे चाक आहे, जॅक आहे, आणि चाकाचा पान्हा मी त्याच्याकडून तिथल्या तिथे चालवून घेतला. पहिला नट घट्ट होता. दुसऱ्या झटक्याला सुटला.