आग्रा रोडचे भोंगे

वाचकहो, मुंबईत कुर्ल्याहून मुलुंडकडे जाणाऱ्या बसमध्ये कधी बसलात, तर कुर्ला मागे पडल्यावर थोड्याच वेळात एक थांबा लागतो. त्याचे नाव कमानी. नवख्या माणसाला वाटावे, इथे एखादी जुनी कमान असेल, गावाची वेस असेल. उतरून पाहावे तर कमान नाही, वेसही नाही. रस्ता, दुकाने आणि उंच इमारती. कमानी हे एका कारखानदार घराण्याचे आडनाव. त्यांचे धातूचे कारखाने इथे होते, म्हणून थांब्याला हे नाव पडले. वाडा पडतो पण वाड्याची गल्ली राहते, तसाच हा प्रकार आहे.

आज आपण या रस्त्याने कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत चालत जाऊ. अंतर सुमारे पंधरा-सोळा किलोमीटर. तुम्ही म्हणाल, आम्ही राहतो खेड्यात. आम्हाला मुंबईच्या त्या रस्त्याचे काय? पण जरा थांबा. तुमच्या गावातली एक तरी कौले या रस्त्यावरच्या पगारातून शाकारली गेली असतील.

हा रस्ता म्हणजे जुना आग्रा रोड. पुढे लालबहादुर शास्त्रींचे नाव त्याला दिले गेले. तरी जुनी माणसे अजून आग्रा रोडच म्हणतात. मुंबईहून ठाण्याकडे, तिथून कसाऱ्याच्या घाटाने नाशिक आणि पुढे थेट उत्तर हिंदुस्थानात जाणारी ही वाट. कुर्ल्यापासून पुढचा सारा मुलूख साष्टी बेटाचा. १७३७ साली मराठ्यांनी साष्टी पोर्तुगिजांकडून घेतली आणि १७७४ साली ती इंग्रजांच्या हाती गेली. मधल्या खाडीमुळे मुंबई आणि साष्टी एकमेकींपासून तुटलेल्या होत्या. १८०५ च्या सुमारास शीव आणि कुर्ला यांच्यामध्ये बांध घातला गेला, तेव्हा कुठे बैलगाडीला थेट वाट मिळाली.

त्या काळी इथे भातखाचरे होती, मिठागरे होती, आगरी-कोळ्यांची गावे होती, डोंगराच्या कुशीत आदिवासींचे पाडे होते. भांडुपला ल्यूक ॲशबर्नर या इंग्रजाची रम गाळण्याची भट्टी होती. म्हणजे कारखानदारीचा पहिला वास या रस्त्याला दारूचाच आला, असे म्हटले तरी चालेल! याच भांडुपला १८४३ साली मुंबई सरकारचे मुख्य अभियंता जॉर्ज क्लार्क आले असता मुंबई-ठाणे-कल्याण रेल्वेची कल्पना त्यांना प्रथम सुचली, असे रेल्वेचा इतिहास सांगतो. दहा वर्षांनी, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी धावली आणि आग्रा रोडच्या जोडीला लोखंडी रस्ता आला.

तरीही पुढची नव्वद-एक वर्षे हा भाग बराचसा शेतीवाडीचाच राहिला. मग कारखाने इथेच का आले? कारखान्याला चार गोष्टी लागतात: जागा, पाणी, वीज आणि वाहतूक. मुंबई शहर गिरण्यांनी भरून गेले होते. इथे जागा मुबलक आणि स्वस्त होती. विहारचे तळे १८६० मध्ये पुरे झाले होते आणि १८९२ साली आलेल्या तानसाच्या पाण्याचे नळही याच बाजूने शहरात गेले. खोपोलीची वीज १९१५ पासून मुंबईला मिळू लागली. एका हाताला रेल्वे, दुसऱ्या हाताला हमरस्ता. याला स्वातंत्र्याच्या काळातील एक नवी उमेद येऊन मिळाली: परदेशातून येणारा माल आपण आपल्या देशात करायचा. पुढे १९५० आणि १९५७ साली, अशा दोन टप्प्यांत मुलुंडपर्यंतचा भाग मुंबई महापालिकेत आला. खेडे होते त्याचे उपनगर झाले, आणि सकाळी कोंबड्याच्या आधी भोंगा वाजू लागला.

चला, आता चालू लागू. कुर्ल्यात सोलापूरच्या मातीत जन्मलेल्या वालचंद हिराचंदांची प्रीमिअर ऑटोमोबाइल्स ही कंपनी. स्थापना १९४४ ची. तिच्या फियाट गाड्या आणि पुढे पद्मिनी हे नाव घेतलेली मोटार इथेच तयार होई. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच गाडी. विसाव्या शतकाबरोबर या गाडीचे उत्पादन संपले. २०२३ च्या ऑक्टोबरात शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून निघून गेली. कारखान्याच्या जागी आज नवी वसाहत उभी आहे.

पुढे घाटकोपर. इथल्या चिरागनगरच्या झोपडपट्टीत अण्णा भाऊ साठे कित्येक वर्षे राहिले. वाळवे तालुक्यातल्या वाटेगावाहून लहानपणी वडिलांबरोबर मुंबईला चालत आलेला हा माणूस. 'फकिरा' कादंबरीचा लेखक कामगारांच्या शेजारी, पत्र्याच्या छपराखाली राहत होता, ही गोष्ट शिक्षकांनी वर्गात अवश्य सांगावी. याच घाटकोपरात दत्ता सामंत नावाचे एक डॉक्टर दवाखाना चालवीत. आसपासच्या दगडखाणींतले मजूर त्यांच्याकडे औषधाला येत. दुखण्याचे मूळ खाणीत आहे हे ओळखून डॉक्टरांनी मजुरांची संघटना बांधली. पुढे १९८२ च्या गिरणी संपाचे पुढारीपण त्यांच्याकडे आले. १६ जानेवारी १९९७ रोजी पवईला त्यांची हत्या झाली.

घाटकोपर ओलांडले की विक्रोळी. इथे १९४३ साली पिरोजशा गोदरेज यांनी मोठी जमीन लिलावात घेतली आणि कारखान्याबरोबर कामगारांची घरेही बांधली. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी लाखो लोखंडी मतपेट्या विक्रोळीत तयार झाल्या. तुमच्या आजोबांनी पहिले मत ज्या पेटीत टाकले, ती पेटी इथली असणे अगदी शक्य आहे. १९५५ साली इथे देशी टंकलेखन यंत्र तयार झाले. तहसील कचेरीत ज्याची टकटक अर्धे शतक ऐकू येत होती, तेच हे यंत्र. टंकलेखन यंत्रे गेली. पण विक्रोळीचा कारखाना मात्र टिकून आहे. अवकाशयानांच्या इंजिनांचे भाग तिथे बनतात. तेव्हा 'सारे बुडाले' असे सरसकट म्हणणे खरे नाही.

कांजूरमार्गला क्रॉम्प्टन ग्रीव्ह्जचा विजेच्या यंत्रसामग्रीचा कारखाना होता. त्या आवारात आता निवासी मनोरे आहेत. भांडुपला सीएटचा टायरचा कारखाना आणि एशियन पेंट्सचा रंगाचा. या रंगवाल्या कंपनीचा 'गट्टू', हातात ब्रश घेतलेला खट्याळ पोरगा, व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ साली काढला आणि तो थेट तुमच्या बाजारपेठेतल्या दुकानापर्यंत आला. भांडुपमधील रंगाचे उत्पादन मे २०१२ मध्ये थांबले. मुलुंडला होक्स्ट या जर्मन औषध कंपनीचा कारखाना होता आणि संशोधन केंद्रही होते. आपल्याकडे माईनमूळ म्हणून जी वनस्पती ओळखली जाते, जिच्या मुळांचे लोणचे घालतात, तिच्यातून फोर्स्कोलिन नावाचे द्रव्य इथल्या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात वेगळे केले. जगभरच्या प्रयोगशाळांत ते अजून वापरतात. १९९८ साली हे केंद्र पिरामल समूहाकडे गेले.

हे कारखाने चालविले कोणी? साताऱ्याच्या, सांगलीच्या, नगरच्या, रत्नागिरीच्या पोरांनी. पाऊस दगा देई, जमिनीचे तुकडे पडत, तेव्हा घरातला एक जण 'कंपनीत लागायला' मुंबईला जाई. गावकीच्या एकाच खोलीत दहा-बारा जण राहत. रात्रपाळीचा माणूस उठला की त्याच अंथरुणावर दिवसपाळीचा पडे. खानावळीत जेवण, महिन्याला मनिऑर्डर, गणपतीला किंवा जत्रेला गाव. शेतातला गडी फिटर झाला, टर्नर झाला. त्याच्या बायकोने गावी एकटीने शेत सांभाळले, सासू-सासऱ्यांचे केले, मुले वाढवली. कारखान्याच्या हजेरीपटावर तिचे नाव कधी लागले नाही. पण तिच्या कष्टावाचून तो हजेरीपट भरलाच नसता.

मग भोंगे का थांबले? एकाच माणसाच्या माथी दोष मारून मोकळे होता येत नाही. शासनाने १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ काढले आणि १९६४ पासून मागास भागात जाणाऱ्या उद्योगांना सवलती दिल्या. कारखाने गावाकडे यावेत, हा त्यातला हेतू चांगलाच होता. मुलुंडचा नाका ओलांडला की लगेच ठाण्याची वागळे इस्टेट लागते, ती या महामंडळाची पहिली वसाहत. दुसरीकडे मुंबईत नव्या मोठ्या कारखान्याला परवानगी मिळणे अवघड झाले. यंत्रे जुनी झाली. संप झाले, टाळेबंदी झाली. १९९१ नंतर परदेशी मालाची चढाओढ वाढली. आणि सर्वांत मोठे कारण पायाखाली होते: जमीन. कारखान्यातल्या मालापेक्षा कारखान्याखालची जमीन महाग झाली. कमाल नागरी जमीनधारणेचा १९७६ चा कायदा महाराष्ट्राने २००७ मध्ये उठविला, तेव्हा उरलीसुरली आडकाठीही गेली.

कमानीची गोष्ट इथे पुरी करू. कमानी ट्यूब्ज हा कारखाना १९८५ साली बंद पडला. कामगार घरी बसले नाहीत. त्यांची संघटना सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. हा कारखाना आम्ही सहकारी तत्त्वावर चालवून दाखवू, असे कामगारांनी सांगितले. आजारी उद्योगांसाठी नेमलेल्या केंद्र सरकारच्या मंडळाने १९८८ साली त्यांच्या योजनेला मान्यता दिली. साखर कारखान्याचे सभासद होणे तुम्हाला नवे नाही. पण इथे पाळीवर येणारा कामगार स्वतःच कारखान्याचा धनी झाला. लोकांनी फंडातले पैसे घातले, कमी पगार पत्करला, गंजलेली यंत्रे साफ केली आणि कारखाना पुन्हा सुरू केला. काही वर्षे तो चालला. पुढे भांडवल अपुरे पडले आणि तो पुन्हा बंद झाला. शेवट गोड नाही हे खरे. पण मालकाविना यंत्र फिरू शकते, हे त्या माणसांनी एकदा सिद्ध केले, आणि त्या थांब्यावर उतरणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक असते.

आज या रस्त्यावर काचेच्या कचेऱ्या आहेत, मॉल आहेत, वर मेट्रोचे खांब आहेत. इथेही हजारोंना काम मिळते, हे मान्य केले पाहिजे. पण ज्याचा हात लेथवर बसला होता, त्याला चाळिशीनंतर या नव्या कामात जागा मिळाली नाही. कोणी रिक्षा घेतली, कोणी पहारेकरी झाला, पुष्कळसे गावी परतले. आणि नवेही टिकतेच असे नाही. भांडुपच्या ड्रीम्स मॉलला मार्च २०२१ मध्ये आग लागली आणि तोही कारखान्यासारखाच ओस पडला.

आता शिक्षकबंधू-भगिनींना एक विनंती. कंपन्यांचा इतिहास कंपन्यांच्या दप्तरात राहतो. कामगाराचा इतिहास मात्र मुंबईत राहिलेला नाही. तो तुमच्या गावी, माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत पडून आहे. पितळी बिल्ला, पगाराची पावती, फंडाची चिठ्ठी, टाळेबंदीची नोटीस, पंचवीस वर्षांच्या नोकरीबद्दल मिळालेले घड्याळ, मनिऑर्डरच्या कुपनावर लिहिलेल्या दोन ओळी. १९६० च्या सुमारास ज्यांनी पहिली पाळी केली, ते आज पंचाऐंशीच्या पुढे आहेत. पाच-दहा वर्षांत विचारायला कोणी उरणार नाही.

तेव्हा पुढच्या सुट्टीत मुलांना एक काम द्या. गावातल्या प्रत्येक घरी जाऊन विचारायचे: आपल्या घरातून मुंबईच्या कंपनीत कोण लागले होते? कोणत्या साली, कोणत्या खात्यात, राहायला कुठे, परत कधी आले आणि का? घरातल्या म्हातारीलाही विचारायचे, की त्या वर्षांत शेत कोणी नांगरले? उत्तरे एका वहीत, सांगणाऱ्याच्या शब्दांत, तारखेसह उतरवून घ्यावीत आणि ती वही शाळेच्या कपाटात नीट ठेवावी. पेटीतले कागद घरच्यांची परवानगी घेऊन पाहावेत, नक्कल करावी आणि जसेच्या तसे परत करावेत. वही भरली की मुलांना नकाशावर कुर्ला ते मुलुंड ही रेघ दाखवावी आणि त्या रेघेवर आपल्या गावच्या माणसांची नावे लिहायला सांगावी.