ए. एम. क्लाइन : पुरस्कार आणि मौन

कॅनडातील इंग्रजी काव्याच्या इतिहासात अब्राहम मोझेस क्लाइन (१९०९–१९७२) यांच्या वाट्याला एक चमत्कारिक स्थान आले आहे. त्यांच्या कवितेपेक्षा त्यांच्या मौनाचीच चर्चा अधिक झाली. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द रॉकिंग चेअर अँड अदर पोएम्स’ या संग्रहाला गव्हर्नर जनरल पुरस्कार मिळाला. १९५१ साली ‘द सेकंड स्क्रोल’ ही कादंबरी आली. आणि त्यानंतर काही वर्षांतच गंभीर मानसिक आजाराने ग्रासलेले क्लाइन लेखनातून आणि सार्वजनिक जीवनातून दूर झाले. मृत्यूपर्यंत ते जवळजवळ अबोलच राहिले. या शेवटापासून मागे जात त्यांची सगळी कविता वाचण्याची पद्धत पुढे रूढ झाली. ‘पोर्ट्रेट ऑफ द पोएट अ‍ॅज लँडस्केप’ या कवितेत समाजाच्या स्मरणातून नाहीसा झालेला कवी येतो. तेव्हा ही कविता म्हणजे कवीने स्वतःच्या मौनाचे केलेले भाकीतच, असे मानले गेले. हा अन्वयार्थ आकर्षक खरा, परंतु कालक्रमाच्या कसोटीला तो उतरत नाही.

क्लाइन यांचा जन्म तत्कालीन रशियन साम्राज्यातील, आज युक्रेनमध्ये असलेल्या रात्नो या गावी झाला. त्यांच्या बालपणीच हे सनातनी ज्यू कुटुंब माँट्रियलला आले. घरी यिडिश, धर्मशिक्षणात हिब्रू, शाळेत आणि मॅकगिल विद्यापीठात इंग्रजी, तर कायद्याचे शिक्षण माँट्रियल विद्यापीठात फ्रेंचमधून, असा त्यांचा भाषिक प्रवास झाला. पोटासाठी त्यांनी वकिली केली. ‘कॅनेडियन ज्युइश क्रॉनिकल’चे संपादनही दीर्घकाळ सांभाळले. १९४० साली आलेला ‘हॅथ नॉट अ ज्यू’ हा पहिला संग्रह आणि १९४४ सालचे ‘द हिटलेरिअड’ हे उपहासकाव्य यांतून ते आपल्या समाजाचे प्रवक्ते म्हणूनच उभे राहिले. ‘द हिटलेरिअड’ मात्र फसलेले काव्य आहे. अठराव्या शतकातील पोपच्या यमकबद्ध द्विपदीला विसाव्या शतकातील संहार पेलत नाही. उपहासाचे शस्त्र विषयापुढे तोकडे पडते.

पुरस्कारप्राप्त संग्रहात हा प्रवक्ता शेजाऱ्यांकडे वळला. क्वेबेकमधील फ्रेंच भाषक, कॅथलिक समाजाचे जीवन हा येथील अनेक कवितांचा विषय आहे: घराघरांतील झुलती खुर्ची, धान्याची प्रचंड कोठारे, बर्फावरून मिरवत जाणारी मंडळी, नवसाला आलेले अपंग भाविक. परंपरा जपणारा, बहुसंख्याकांच्या भाषेने वेढलेला हा समाज क्लाइन यांना परका वाटत नाही, कारण त्याच्या चिवटपणात त्यांना स्वतःच्या समाजाची खूण पटते. मात्र ही आपुलकी भाबडी नाही. माँट्रियलचे महापौर कामियें ऊद यांना उद्देशून लिहिलेल्या ‘पोलिटिकल मीटिंग’मध्ये सभा आधी मनमोकळी, घरगुती वाटते, वक्ता गमती सांगतो, लोक गाणे म्हणतात, आणि त्याच जिव्हाळ्यातून हळूहळू वंशाभिमान डोके वर काढतो. गर्दीवर खरोखर प्रेम असलेला आणि तिच्यात कधीच सामावून न घेतला जाणारा माणूसच हे असे टिपू शकतो. ‘माँट्रियल’ या कवितेत तर इंग्रजी आणि फ्रेंच या दोन्ही भाषांच्या वाचकांना उमगतील असेच शब्द शक्यतो योजले आहेत. प्रयोग काहीसा कृत्रिम आहे, पण त्यामागे दोन्ही समाजांना एकाच ओळीत बसवण्याची तळमळ आहे.

‘पोर्ट्रेट’ ही कविता याच संग्रहाच्या अखेरीस येते. ती लिहिली गेली मात्र १९४०च्या दशकाच्या मध्यास, म्हणजे कवीच्या सर्वाधिक धावपळीच्या काळात. याच सुमारास ते मॅकगिलमध्ये अभ्यागत व्याख्याता होते. १९४९ साली ते को-ऑपरेटिव्ह कॉमनवेल्थ फेडरेशन या समाजवादी पक्षातर्फे संसदेची निवडणूक लढले आणि हरले. त्याच वर्षी त्यांनी नव्या इस्रायलचा प्रवासही केला. कवितेतील कवी पराभूत नाही. तो समुद्रतळाशी जातो, पण तेथेही जगाला नव्याने नावे देण्याचे आपले काम सोडत नाही. आजाराची कारणे कवितेत शोधणे समीक्षेचे काम नव्हे. समीक्षेने विचारायचा प्रश्न वेगळा आहे: पुरस्कार देणारा वाचक आणि ज्याच्यासाठी कवी लिहू पाहत होता तो वाचक, हे एकच होते काय? इंग्रजी साहित्यसंस्थेने क्लाइन यांचा गौरव केला तो प्रामुख्याने क्वेबेकचे चित्रकार म्हणून. या चित्रामागची हिब्रू-यिडिश स्मृती तिला फारशी वाचता येत नव्हती. कॅनडाने बहुसांस्कृतिकतेचे अधिकृत धोरण जाहीर केले ते १९७१ साली, कवीच्या निधनाच्या अवघे एक वर्ष आधी.

झायलिग पोलॉक यांनी संपादित केलेल्या समग्र कवितांचे दोन खंड १९९० साली प्रसिद्ध झाले. त्यांत कवितांच्या रचनाकाळाकडे बारकाईने लक्ष दिले आहे, आणि त्यामुळे पूर्णविरामाची जागा थोडी सरकते. ‘द सेकंड स्क्रोल’नंतरही, १९५०च्या दशकाच्या मध्यापर्यंत, क्लाइन जुन्या कवितांवर पुन्हा हात फिरवीत होते, ओळी बदलत होते, निवडक कवितांचे हस्तलिखित सिद्ध करीत होते. तो संग्रह त्यांच्या हयातीत निघाला नाही.