शाखेची निवड : पाचोऱ्याच्या विद्यार्थ्यापुढचा फाटा

उच्च शिक्षणाची दिशा शाळेत असतानाच ठरवण्याची पद्धत महाराष्ट्रात फार जुनी नाही. मुंबई विद्यापीठ 1857 मध्ये स्थापन झाले आणि 1859 मध्ये त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. तेव्हा शाळेने मुलाला फक्त विद्यापीठाच्या दारापर्यंत न्यायचे होते. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक हे 1862 चे पहिले चार बी.ए. इंग्रजी, इतिहास, गणित, तत्त्वज्ञान सगळेच शिकले. वैद्यकासाठी ग्रँट मेडिकल कॉलेज होते, पुण्यात अभियांत्रिकीचे शिक्षण होते आणि पुढे 1913 मध्ये वाणिज्यासाठी मुंबईत सिडनहॅम कॉलेज निघाले. वाटा वाढल्या, पण फाटा कॉलेजात गेल्यावरच लागत असे.

पाचोऱ्याच्या मुलाला मात्र तो फाटा दिसतही नसे. 1906 मध्ये खानदेशाचे दोन जिल्हे झाले आणि पाचोरा पूर्व खानदेशात आला. पण दोन्ही जिल्ह्यांत कॉलेज नव्हते. बहुतेकांचे शिक्षण मराठी सातवीला, म्हणजे ‘फायनल’ला संपे. फायनल झालेला मुलगा प्राथमिक शिक्षक किंवा तलाठी होऊ शकत असे आणि कापसाच्या गावात ती मानाची नोकरी होती. मॅट्रिक होणारे थोडे. त्यांतून पुढे शिकायचे तर पुणे, मुंबई किंवा बडोदे गाठावे लागे, 1924 नंतर नाशिकही. भुसावळ–मुंबई लोहमार्गावरचे स्टेशन आणि जामनेरला जाणारी अरुंद रुळांची ‘पीजे’ यांमुळे प्रवास सोपा होता. अवघड होता तो परगावच्या खोलीचा आणि खाणावळीचा खर्च. विषयाची आवड हा प्रश्न त्यानंतरचा.

1945 मध्ये अमळनेरला प्रताप कॉलेज आणि जळगावला मूळजी जेठा कॉलेज सुरू झाले. खानदेशाच्या शैक्षणिक इतिहासात याहून मोठा बदल दुसरा नाही. पाचोऱ्याहून जळगाव रेल्वेने जेमतेम पन्नास किलोमीटर. सकाळी जाऊन संध्याकाळी घरी परतणे शक्य झाले. 1949 मध्ये पुणे विद्यापीठ स्थापन होऊन खानदेशातील कॉलेजे त्याला जोडली गेली. पुढे पाचोरा तालुका सहकारी शिक्षण संस्थेने गावातच शेठ मुरलीधरजी मानसिंगका महाविद्यालय काढले. लोकांच्या तोंडी ते ‘एम. एम. कॉलेज’. तेथे कला, वाणिज्य आणि विज्ञान या तिन्ही शाखा उपलब्ध झाल्या.

पण कॉलेज जवळ येत असतानाच निवडीचे वय खाली सरकले होते. 1948 च्या कायद्याने मॅट्रिकची जागा एस.एस.सी.ने घेतली आणि त्या अकरा इयत्तांच्या रचनेत ऐच्छिक विषयांचे महत्त्व वाढले. माध्यमिक शाळेच्या सुरुवातीच्या इयत्तांतच मुलाला बीजगणित-भूमिती घ्यायची की नुसते अंकगणित, भौतिक-रसायन घ्यायचे की शरीर व आरोग्यशास्त्र, हे ठरवावे लागे. वय तेरा-चौदा. घरात शिकलेले कोणी नसले तर निर्णय वर्गशिक्षक घेत. ज्याने अंकगणित घेतले त्याची विज्ञान शाखा तिथेच बंद झाली आणि त्याबरोबर डॉक्टरी व इंजिनिअरिंगही. मुलींना तर सर्रास अंकगणित आणि गृहशास्त्राकडे वळवले जाई. ‘पुढे काय उपयोग’ एवढ्या एका प्रश्नावर त्यांचे गणित संपवले गेले. हा मोठा अन्याय होता, आणि तो शाळेच्या विषयपत्रिकेत लपलेला असल्याने फारसा कोणाला टोचलाही नाही.

1952-53 च्या मुदलियार आयोगाने तर ही विभागणी अधिक नेटकी करण्याची शिफारस केली. मानव्यविद्या, विज्ञान, तांत्रिक, वाणिज्य, शेती, ललित कला आणि गृहविज्ञान असे सात गट आयोगाने सुचवले. हे गट शिकवणाऱ्या बहुउद्देशीय शाळा काढायच्या, म्हणजे प्रत्येकाला आपल्या वकुबाप्रमाणे वाट मिळेल, ही कल्पना चांगली होती. पण प्रत्येक गटाला स्वतंत्र शिक्षक, कार्यशाळा आणि प्रयोगशाळा लागत. तालुक्याच्या शाळेला ते परवडणारे नव्हते. शाळेत जो शिक्षक मिळाला, तोच मुलाचा कल ठरला.

कोठारी आयोगाने (1964-66) नेमके याच दुखण्यावर बोट ठेवले. पहिली दहा वर्षे सर्वांना समान शिक्षण द्यावे, त्यात गणित आणि विज्ञान मुलामुलींना सारखेच शिकवावे आणि विशेषीकरण त्यानंतर सुरू व्हावे, असे आयोगाने सांगितले. महाराष्ट्राने 10+2+3 हा आकृतिबंध 1972 मध्ये आठवीपासून लागू केला. 1975 मध्ये जुन्या अकरावीची शेवटची आणि नव्या दहावीची पहिली तुकडी एकाच वर्षी परीक्षेला बसली. खानदेशातल्या खेड्यातील मुलींच्या दृष्टीने या सुधारणेचे मोल फार मोठे आहे. बीजगणित पहिल्यांदाच त्यांच्या हक्काचे झाले. निवडीचा क्षण दहावीच्या निकालानंतर आला आणि तो आजही तिथेच आहे.

1983 पासून विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि त्याच वर्षी जळगावजवळ बांभोरीला असे महाविद्यालय निघाले. मग गुण चांगले असलेल्या मुलाने विज्ञानच घ्यायचे, हा जणू नियम झाला. कमी गुणांवर कला शाखा आणि तिथून डी.एड. करून शिक्षकाची नोकरी, ही दुसरी वाट. शिक्षकभरती रोडावल्यावर तीही ओसरली. कापूस आणि केळी पिकवणाऱ्या घरातील मुलाला बी.एस्सी. कृषी करायचे, तरी बारावीला विज्ञान लागते. ज्याला शेतीच शिकायची आहे त्याची पहिली कसोटी अशा रीतीने भौतिक आणि रसायनशास्त्रात होते.

कल ओळखून शाखा निवडावी, हा विचारही जुना आहे. मुंबईत व्यावसायिक मार्गदर्शनाची संस्था स्वातंत्र्यानंतर लगेचच उभी राहिली; तालुक्यापर्यंत ते मार्गदर्शन पोचायला अनेक दशके लागली. 2016 मध्ये राज्य मंडळाने श्यामची आई फाउंडेशनच्या साहाय्याने दहावीच्या सर्व विद्यार्थ्यांची कल चाचणी घेतली. ज्या साने गुरुजींच्या पुस्तकाचे नाव त्या संस्थेने घेतले, ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. चाचणीत कृषी, कला व मानव्यविद्या, वाणिज्य, ललित कला, आरोग्य, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा अशी क्षेत्रे होती. मुदलियारांच्या सात गटांप्रमाणे हीदेखील सातच. चाचणीचा अहवाल मुलाच्या हाती येई. त्यातल्या ललित कलेचे शिक्षण गावात कुठे मिळेल, हे मात्र त्यात नसे.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कला, वाणिज्य आणि विज्ञान यांतील भिंती सैल करण्याचे ठरवले आहे. महाराष्ट्रातील पदवी अभ्यासक्रमात आता मुख्य विषयाला ‘मेजर’ म्हणतात आणि तो पहिल्या वर्षानंतर निश्चित करता येतो. अकरावीत मात्र शाखा पूर्वीसारखीच आधी निवडावी लागते. 2025 पासून अकरावीचा प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाला. पाचोऱ्याचा विद्यार्थीही आता अर्जात शाखा नोंदवून दहा महाविद्यालयांपर्यंत पसंतिक्रम देऊ शकतो. विज्ञानातून पुढे कला किंवा वाणिज्याकडे वळता येते. कला शाखेतून विज्ञानाकडे परत येण्याची वाट अजून उघडलेली नाही.