सहा गुणिले बेचाळीस: शिकारीच्या दुर्बिणीवरच्या आकड्यांचा इतिहास

जुन्या शिकारी रायफलीवर बसवलेली दुर्बीण पाहिली की तिच्यावर ४×३२, ६×४२, ८×५६ असे आकडे दिसतात. पहिला आकडा म्हणजे चित्र किती पट मोठं दिसतं, दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. आता प्रश्न असा, की हेच आकडे का? ७×३० किंवा १२×४० का रूढ झाले नाहीत? संशोधनाला लागणाऱ्यांनी असे प्रश्न विचारायची सवय लावून घ्यावी, म्हणून हा विषय घेतलाय.

आधी थोडा इतिहास. १८३५ ते १८४०च्या सुमारास अमेरिकेत जॉन चॅपमन आणि मॉर्गन जेम्स यांनी रायफलीवर बसणारी लांबलचक दुर्बीण तयार केली. १८५५मध्ये विल्यम माल्कम याने न्यूयॉर्क राज्यात तिचं रीतसर उत्पादन सुरू केलं. १८८०मध्ये ऑस्ट्रियात ऑगस्ट फीडलर या वनाधिकाऱ्याने शिकारीला चालेल अशी दुर्बीण बनवली. इथे दुर्बीण वनाधिकाऱ्याच्या हातात आली हे लक्षात ठेवा. कारण सैनिकाला लांबचं दिसायला हवं असतं, शिकाऱ्याला मात्र अंधुक उजेडात दिसायला हवं असतं.

आपल्याकडचंच बघा ना. उमरीच्या शिवारात रोही आणि रानडुकरं भर दुपारी तुरीत, ज्वारीत शिरत नाहीत. ती येतात दिवस मावळल्यावर किंवा पहाटे. युरोपातलं रानडुक्करही तसंच. म्हणून दुर्बिणीचं खरं काम झालं उजेड डोळ्यापर्यंत पोचवणं.

आता गणित. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले पट, म्हणजे डोळ्याशी येणाऱ्या उजेडाच्या झोताची जाडी. ४२ भागिले ६, उत्तर ७. ५६ भागिले ८, उत्तर पुन्हा ७. माणसाची बाहुली दिवसा दोन-तीन मिलिमीटर असते आणि अंधारात तरुणपणी साधारण ७ मिलिमीटरपर्यंत उघडते. म्हणजे ६×४२ हा आकडा डोळ्याच्या मापाने शिवलेला आहे. वय वाढलं की बाहुली पाचेक मिलिमीटरच्या पुढे फारशी उघडत नाही, त्यामुळे साठीतल्या शिकाऱ्याला त्या जाड झोताचा पूर्ण फायदा मिळतच नाही.

दुसरं एक सूत्र आहे: पट आणि व्यास यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ. त्याला संधिप्रकाश अंक म्हणू. ६×४२चा अंक येतो १५.९ आणि ९×४०चा १९. या सूत्राने दुसरी दुर्बीण सरस ठरते. पण पहिल्या सूत्राने तिचा झोत फक्त ४.४ मिलिमीटर, म्हणजे ती कमी पडते. मग खरं कोणतं? दोन्ही. एक सूत्र चित्र किती उजळ हे सांगतं, दुसरं बारकावे किती ओळखता येतील याचा अंदाज देतं. प्रश्न वेगळे, म्हणून उत्तरं वेगळी.

खरी गंमत पुढे आहे. काचेच्या प्रत्येक उघड्या पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के उजेड परत फिरतो. दुर्बिणीत असे दहा पृष्ठभाग धरले तर शेवटी ६६ टक्केच उजेड उरतो. १९३५मध्ये झाइस कंपनीच्या अलेक्झांडर स्मकुला यांनी भिंगावर पातळ लेप देऊन हे परावर्तन कमी करायची पद्धत शोधली. ती युद्धकाळात गुप्त राहिली आणि नंतर सगळीकडे पसरली. चांगल्या लेपाने प्रत्येक पृष्ठभागावरचं नुकसान अर्ध्या टक्क्यावर आणलं, तर तेच दहा पृष्ठभाग ९५ टक्के उजेड पुढे जाऊ देतात. म्हणजे १९३०ची ६×४२ आणि १९६०ची ६×४२ ही नावाने एक, कामाने दोन यंत्रं. वरची दोन्ही सूत्रं मात्र त्यांना सारखेच गुण देतात!

मग भारतातल्या शिकारकथांत दुर्बीण इतकी कमी का? कारण मचाणावरून अंतरच थोडं असायचं. तिथे नळीच्या टोकावरची माशी पुरायची. अडचण उजेडाची होती, आणि तिला दुसरं उत्तर सापडलं होतं. १९२६मध्ये जिम कॉर्बेट यांनी रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या रात्री आंब्याच्या झाडावर बसून, रायफलीला लावलेल्या बॅटरीच्या उजेडात मारला. शिवाय आपल्या पावसाळी दमट हवेत भिंगावर आतून वाफ धरायची, बुरशी यायची. दुर्बिणीच्या नळीत नायट्रोजन भरून ती बंद करायची पद्धत रूढ झाली ती दुसऱ्या महायुद्धानंतर.

१९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९९१च्या दुरुस्तीने परवान्यावरची शिकारही थांबली. आता पिकांचं नुकसान करणाऱ्या प्राण्याला मारायचं, तर कलम ११खाली लेखी परवानगी लागते. त्यामुळे दुर्बिणीची निवड हा आपल्याकडे छंदाचा विषय उरला नाही. पण ज्याला अशी परवानगी मिळते, त्याच्यापुढे आजही तीच वेळ असते, दिवस मावळतीची. समोर रोही आहे की शेजाऱ्याची गाय, हे ओळखल्याशिवाय चापाला बोट लावता येत नाही.

तुमच्या विषयातही असे ६×४२ असतील: जुन्या तक्त्यातलं पर्जन्यमान, जुन्या अहवालातली मातीची आम्लता, जनगणनेतला एखादा रकाना. दोन काळांचे आकडे शेजारी मांडण्याआधी तीन गोष्टी वहीत लिहा. हे कशाने मोजलं? कोणत्या प्रश्नासाठी मोजलं? आणि मधल्या काळात यंत्रात असं काय बदललं, जे नावात दिसत नाही? तिसऱ्या प्रश्नाला सगळ्यात जास्त वेळ लागतो. तो वेळ द्या, गाईड घाई करत असले तरी.